तोनालाची चिमेनेआ : अंगणातल्या नोंदी

३ नोव्हेंबर, रविवार. सापोपान, ग्वादालाहारा, मेक्सिको.

दारात अजून झेंडू आहेत. अर्धे आमच्या दिवाळीचे, अर्धे शेजारच्या आज्जींनी त्यांच्या मृतांच्या दिवसांच्या वेदीवरून उचलून दिलेले. झेंडू मूळचा मेक्सिकोचा, त्यामुळे 'आमच्याकडे पण हेच फूल लागतं' हे मी त्यांना जरा खालच्या आवाजात सांगितलं.

संध्याकाळी अंगण मापलं. पाच मीटर बाय सहा, विटांची फरसबंदी, एका कोपऱ्यात लिंबाचं झाड, दुसऱ्या भिंतीवर बोगनवेल. ग्वादालाहारा महाबळेश्वरपेक्षा उंचावर आहे. डिसेंबरात दुपारी शर्टाची बाही वर करावी लागते आणि रात्री पारा सात-आठ अंशांवर येतो. बहुतेक घरांत हीटर नसतो, आमच्याही नाही. गेल्या हिवाळ्यात रात्रीचं जेवण झालं की सगळे पांघरुणात शिरायचे आणि अंगण ओस. यंदा तिथे चिमेनेआ आणायची ठरलं.

स्पॅनिशमध्ये 'चिमेनेआ' म्हणजे नुसतं धुराडं किंवा दिवाणखान्यातली शेकोटीची जागा. मला हवी ती 'चिमेनेआ दे बार्रो', मातीची: खाली रांजणासारखं पोट, पुढे तोंड, वर नळीसारखा गळा. अमेरिकेत हिला 'चिमिनिया' म्हणतात आणि विकताना कुठल्यातरी प्राचीन टोळीच्या तंबूची गोष्ट जोडतात. त्या गोष्टीवर माझा काडीचा विश्वास नाही. इथली खरी जुनी चूल म्हणजे त्लेकुईल: जमिनीवर तीन दगड, मध्ये विस्तव, वर कोमाल म्हणजे मातीचा तवा. आपल्या तीन दगडांच्या चुलीची सख्खी बहीणच. 'चिमेनेआ' हा शब्द फ्रेंचमधून स्पॅनिशमध्ये आला आणि स्पॅनिश लोकांबरोबर इकडे. माती मात्र इथली.

घरमालकीणबाईंना विचारलं. हरकत नाही, पण दोन अटी: भिंतीपासून एक मीटर लांब, आणि बोगनवेलीच्या खाली अजिबात नाही.

१० नोव्हेंबर, रविवार.

तोनाला. शहराच्या पूर्वेला, कुंभारांचं गाव. दर गुरुवारी आणि रविवारी रस्त्यांवर तियांगिस म्हणजे आठवडी बाजार भरतो. पहिल्या दोन गल्ल्या नुसत्या प्लॅस्टिकच्या फुलांत आणि काचेच्या पेल्यांत गेल्या, मग माती सुरू झाली.

'पासेले, ग्वेरिता!' म्हणजे या, गोऱ्या बाई, आत या. मी साताऱ्याची, उन्हाळ्यात रापलेली. इथे बाजारात गिऱ्हाईक म्हटलं की ते गोरंच असतं, रंग बघून कुणी हाक मारत नाही. नवरा मागून हसत होता, त्याला 'ग्वेरो' म्हणाले तेव्हा थांबला.

तिसऱ्या दुकानात बसलेल्या म्हाताऱ्या कुंभारांशी जमलं. चिमेनेआ तीन ओळींत मांडलेल्या, काहींवर सूर्याचे चेहरे, काहींवर सरडे. मी माठ घेताना वाजवते तशी बोटाच्या सांध्याने वाजवत गेले. पहिली खणखणली. दुसरी बरी. तिसरी, सगळ्यांत सुंदर रंगवलेली, भद्द वाजली. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, उठले आणि तिच्या गळ्याच्या सांध्यावर अंगठा फिरवून दाखवला. रंगाखाली केसाएवढी चीर. 'ही मी तुम्हाला विकणार नव्हतो,' म्हणाले. खरं की खोटं, देव जाणे. पण नंतर अर्धा तास उभं करून त्यांनी शिकवलं, म्हणून खरं मानते.

त्यांनी सांगितलेलं, आठवतं तसं लिहून ठेवते. पोट आणि गळा वेगळे घडवतात, पोट साच्यात दोन तुकड्यांत, आणि ओलसर असतानाच जोडतात. म्हणून पाहायचं ते जोडावर. मातीत वाळू घालतात. (आमच्याकडचा कुंभार लीद किंवा राख घालतो, हे मी सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली, जणू सातारा पुढच्या गल्लीतच आहे.) भिंतीची जाडी तोंडाच्या कडेला बोटाने चाचपायची, एकीकडे जाड आणि दुसरीकडे पातळ असेल तर सोडून द्यायची. गळ्यात फोनचा दिवा टाकून आतून बघायचं. बाहेरची रंगरंगोटी बिनकामाची, पहिल्या हिवाळ्यात निम्मी जाते.

बिनरंगाची, विटकरी, साधारण नव्वद सेंटीमीटर उंच अशी एक घेतली. सोबत लोखंडी तिवई आणि मातीचं झाकण. किंमत १,४०० पेसो, शंभर कमी झाले. गाडीत मागच्या सीटवर तिला पट्टा लावून बसवली. लेकीला पुढे बसता आलं म्हणून ती खूश.

१२ नोव्हेंबर.

तिवई विटांवर डुगडुगत होती, एका पायाखाली फरशीचा तुकडा सरकवला. तिच्यात चिमेनेआ उभी केली. तोंड घराकडे, पाठ पश्चिमेला, कारण वारा बहुतेक तिकडून येतो.

आता पोटात भर घालायची. विस्तव थेट तळाच्या मातीवर ठेवला तर तळ तडकतो, म्हणून तोंडाच्या खालच्या काठाच्या जरा खालपर्यंत वाळू किंवा हलका दगड भरतात. आजोबांनी दोन नावं दिली होती. एक तेसोंत्ले, लाल सच्छिद्र ज्वालामुखी खडी, नर्सरीत पोत्याने मिळते. दुसरं 'हाल'. स्पेलिंग जे-ए-एल, उच्चार हाल, नावात मराठी दुःख ठासून भरलेलं. हा प्यूमिस, पाण्यावर तरंगणारा दगड. शहराच्या पश्चिमेचं ला प्रिमावेराचं जंगल म्हणजे जुन्या ज्वालामुखीचं तोंड आहे, त्याच्या राखेचे थर इकडे भरपूर, त्यामुळे गवंडी सर्रास हालची वाळू वापरतात. खाली तेसोंत्ले चार बोटं, वर हालची वाळू. दोन्ही मिळून पाऊण पोतं लागलं. नवऱ्याचे हात लाल झाले आणि 'हाल झाले' हा विनोद त्याने तीनदा केला.

१३ नोव्हेंबर.

आज मूर्खपणा केला, नोंद करणं भाग आहे. माती 'कुरार' करायची, म्हणजे वापरण्याआधी तयार करायची, तर काय करायचं हे शोधलं, तर सगळीकडे लसूण. पाण्यात भिजवा, लसूण चोळा, पाणी उकळा. म्हणून मी अख्खा गड्डा सोलून चिमेनेआच्या तोंडाला आतून चोळला. शेजारच्या आज्जी भिंतीवरून बघत होत्या. म्हणाल्या, 'मुली, तो कासुएलाचा उपाय. तुम्ही हिच्यात बीन्स शिजवणार आहात का?' कासुएला म्हणजे मातीचं पातेलं. तिला लसूण चोळतात, कोमालला चुन्याचं पाणी लावतात, भाकरी चिकटू नये म्हणून. चिमेनेआला यातलं काही लागत नाही. तिला लागतो थोडा थोडा जाळ आणि मधले दिवस.

भिजवली नाही, एवढंच नशीब.

१४ ते २२ नोव्हेंबर. पहिले पाच जाळ.

पहिला: कागदाचे दोन बोळे, मूठभर काड्या. पंधरा मिनिटांत संपला. पोटाच्या खालच्या भागावर ओलसर काळपट पट्टा उमटला आणि हळूहळू वर सरकत गेला, पाणी बाहेर पडत होतं. वास अगदी पहिल्या पावसाचा. हात लावला तर कोमट. त्या पट्ट्याकडे बघत मी पंधरा मिनिटं उकिडवी बसले होते, लेकीने फोटो काढून माझ्या आईला पाठवला. आईचा लगेच फोन: 'अगं बाई, नवी चूल घातली की पोतेरं देऊन आठ दिवस वाळवतात, तू दुसऱ्या दिवशी पेटवलीस होय?' सांगितलं की ही आधीच भट्टीत भाजलेली आहे. 'मग ओल कशी येते?' प्रश्न बरोबर आहे. अशी भांडी साधारण ९०० अंशांच्या आसपास भाजतात, त्या तापमानाला माती काचेसारखी बंद होत नाही, तिची भोकं राहतात. याच भोकांमुळे माठातलं पाणी गार होतं. चिमेनेआ तीच भोकं घेऊन हवेतली ओल पीत बसते.

दुसरा जाळ एक दिवस सोडून, अर्धा तास. पट्टा पुन्हा आला, जरा वरपासून. तिसरा, चौथा: अंगठ्याएवढ्या फांद्या. पट्टा फक्त गळ्याच्या सांध्याशी. पाचवा: मनगटाएवढं एक लाकूड, तासभर. पट्टा नाही. ऑफिसातून आणलेल्या इन्फ्रारेड थर्मामीटरने पाहिलं: पोटावर बाहेरून १३०, गळ्यावर ९५. झाकण प्रत्येक वेळी आग विझल्यावर, गार झाल्यावरच. पाणी ओतून विझवायचं नाही, हे आजोबांनी तीनदा बजावलं होतं.

२३ नोव्हेंबर, शनिवार.

पहिली खरी संध्याकाळ आणि सगळा धूर तोंडातून, थेट आमच्या तोंडावर. गळ्यातली हवा गार असते तोवर ती बुचासारखी अडकून बसते. उपाय सोपा निघाला. ओकोतेची एक ढलपी पेटवून मागच्या भिंतीशी, गळ्याच्या बरोबर खाली धरायची. मिनिटभरात गळा तापतो, हवा वर जायला लागते, आणि मग तोंडातून नवी हवा खेचली जाते. त्यानंतर लाकडं आडवी न रचता मागच्या भिंतीला टेकवून उभी लावली. जाळ सरळ गळ्यात गेला आणि धूर वर. गळ्यातून येणारा आवाज लांबून येणाऱ्या एसटीसारखा.

ओकोते म्हणजे राळेने भरलेली पाइनची ढलपी, बाजारात जुडीने मिळते, काडीला काडी लावली की भडकते. वास देवळातल्या धुपासारखा. दोनच पुरतात. दोनच, हे इथे लिहून ठेवते कारण पुढे कामाला येणार आहे.

७ डिसेंबर.

सरपण. एन्सीनो म्हणजे ओक: सावकाश जळतो, निखारे दोन तास टिकतात, रोजचा. पाइन: भडकतो, काजळी धरतो, फक्त पेटवायला. मेस्कीते महाग, पण मी दोन मोळ्या घेतल्या त्या निव्वळ ओळखीपोटी. आपल्याकडे माळरानावर माजलेली वेडी बाभूळ याच मेस्कीतेच्या गोतावळ्यातली, तिचं माहेर इकडेच. गावाकडे तिला शिव्या घालतात, इथे तिच्यावर मांस भाजून त्याचे जादा पैसे घेतात.

१६ ते २४ डिसेंबर.

पोसादांचे, म्हणजे नाताळाआधीच्या सणाचे, नऊ दिवस. गल्लीत रोज एका घरी गाणी आणि पोंचे नावाचं गरम पेय: पेरू, ऊस, दालचिनी, तेहोकोते नावाची बारकी पिवळी फळं, पातेल्यात तासभर उकळलेली. आमची पाळी २० तारखेला होती. चिमेनेआभोवती बावीस माणसं मावली. निखाऱ्यांवर मक्याची कणसं, आणि कोपऱ्यात आमची दोन वांगी भरतासाठी. भरिताला आज्जींनी लिंबू आणि वाळक्या मिरच्या घातल्या, मी शेंगदाण्याचा कूट. दोघींनाही दुसरीचं जास्त आवडलं असं म्हणायची पद्धत असते, तशी म्हटली.

एक खबरदारी: निखाऱ्यात ठेवायचं ते थेट किंवा फॉइलमध्ये, झिलईच्या मातीच्या भांड्यात नाही. जुन्या पद्धतीच्या झिलईत 'ग्रेता' म्हणजे शिशाची भुकटी असते, ती आंबटाबरोबर अन्नात उतरते. चिमेनेआला आतून झिलई नसते, म्हणून तिचं भय नाही.

२५ डिसेंबर.

आज पेटवली नाही. नाताळच्या आणि नववर्षाच्या रात्री शहरभर शेकोट्या आणि फटाके. थंडीत गार हवा खाली बसते, वर उबदार थर झाकणासारखा येतो आणि सगळा धूर खोऱ्यातच राहतो. सकाळी समोरची टेकडी दिसत नव्हती. दिवाळीनंतरच्या पुण्याची आठवण झाली, खोकल्यासकट.

१२ आणि १३ जानेवारी.

पाऊस. हिवाळ्यात इथे पाऊस पडत नाही, पडला तर त्याला काबान्युएलास म्हणतात: जानेवारीच्या पहिल्या दिवसांवरून वर्षभराचं हवामान सांगायची जुनी रीत, त्यावरून या अवेळी सरींनाच ते नाव. आज्जींच्या मते यावरून जून चांगला जाणार. मी चिमेनेआवर प्लॅस्टिकचं कापड घट्ट गुंडाळून दोरी बांधली आणि स्वतःवर खूश झाले.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

शहरातली दोन मराठी कुटुंबं जेवायला. तिळगूळ इथल्याच सामानाचा: आहोनहोली म्हणजे तीळ, आणि पिलोनसीयो म्हणजे गूळ, आपल्या ढेपेची छोटी शंकूसारखी आवृत्ती. पाक चांगला जमला. ऑफिसातून उशीर झाला होता. साडेसातला कापड काढलं. बाहेरून हात लावला, कोरडी वाटली. पाहुणे कुडकुडत होते. दोनऐवजी सहा ओकोते टाकल्या आणि वर मेस्कीतेची चार लाकडं.

दहा मिनिटांत गळ्यातून ज्वाळा. मुलं टाळ्या वाजवत होती. वीस मिनिटांनी 'टक्' असा आवाज झाला, सुपारी फोडल्यासारखा. मला वाटलं लाकूड. मग एक दबका धप्प, आणि तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून हाताच्या पंजाएवढं खापर निखाऱ्यांसकट विटांवर पडलं. कुणाला लागलं नाही. मुलं सगळी दीड मीटर लांब होती, ती खुणेची दोरी मी पहिल्या दिवशी टाकली होती, ती तेवढी कामाला आली. आग आपोआप विझेपर्यंत आम्ही तिघी खुर्च्या लांब घेऊन बसलो. 'गोड बोला' असं त्या क्षणी कुणी म्हटलं नाही.

१५ जानेवारी.

उजेडात पाहिलं. तोंडाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यातून चीर निघून तिरकी खांद्यापर्यंत, पुढे गळ्याच्या सांध्याला वळसा. पडलेलं खापर हातात घेतलं. आतली बाजू काळी, बाहेरची विटकरी, मध्ये तुटलेल्या कडेला बोटभर रुंद गडद पट्टा. नखाने उकरलं तर माती नखाखाली ओली लागली. एवढ्या आगीनंतर!

म्हणजे घडलं ते असं. दोन दिवसांच्या पावसात हवेतली आणि विटांतली ओल वर चढली, प्लॅस्टिकने ती आत कोंडली. वरचा पापुद्रा सुकला, पोटातली भर आणि भिंतीचा गाभा ओलाच. मी आतून एकदम भडका केला. आतली बाजू तापून फुगली, बाहेरची गार राहिली आणि ताणली गेली. त्यात गाभ्यातल्या पाण्याची वाफ, जी पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा मागते आणि बारीक भोकांतून तेवढ्या घाईने निघू शकत नाही. ताण नेहमी कोपऱ्यात साठतो, म्हणून चीर तोंडाच्या कोपऱ्यातून. वाळूत हात घातला: वर राख, दोन बोटं खाली गारेगार ओली.

खापराला इथे तेपाल्काते म्हणतात. आज्जींनी तो शब्द शिकवला आणि तुकडे टाकू देईनात, कुंडीच्या भोकावर ठेवायला लागतात म्हणून. आईही हेच करते.

१९ जानेवारी, रविवार.

तुकडा रुमालात बांधून तोनालाला. आजोबांनी तो जिभेला लावला! जीभ चिकटली, म्हणजे माती नीट शोषते. मग विचारलं, 'कधी पाऊस पडला?' मी तारीख सांगितली. 'कधी पेटवली?' तीही सांगितली. त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं तसं शाळेत गणिताच्या बाईंनीही पाहिलं नव्हतं. 'आगीने फुटलेली चिमेनेआ मी फार थोड्या पाहिल्या, सेन्योरा. पाण्याने फुटलेल्या रोज येतात.'

दुरुस्ती होईल का? होईल, पण तात्पुरती. भट्टीचा मसाला, म्हणजे उष्णता सोसणारा गिलावा, चिरेत भरायचा, गळ्याखाली तार आवळायची, आठवडाभर सुकवायचं. साधं सिमेंट वापरायचं नाही, ते तापलं की भुसभुशीत होतं.

२० जानेवारी ते १ फेब्रुवारी.

मसाला भरला, तार बांधली, तीन बारीक जाळ केले. पहिल्या दोन वेळी टिकलं. तिसऱ्या वेळी मसाल्याच्या कडेने पुन्हा केसाएवढी रेघ, थर्मामीटर तिथे बाकीच्यापेक्षा वीस अंश जास्त दाखवत होता. आत उजेड दिसत होता. मुलं आसपास खेळणार, त्यामुळे हिला आता शेकोटी म्हणून वापरायचं नाही. नवरा म्हणाला अजून एकदा बघू. नाही म्हणून सांगितलं.

२ फेब्रुवारी, रविवार.

कांदेलारियाच्या सणाचा दिवस, गल्लीगल्लीत तामाले, म्हणजे मक्याच्या पिठाचे पानात गुंडाळून वाफवलेले उंडे. बाजार गच्च. त्याच आजोबांकडून दुसरी घेतली, जरा बुटकी, तोंड लहान आणि कडा अंगठ्याएवढ्या जाड. त्यांनी पैसे कमी केले नाहीत, पण झाकण दोन दिले.

३ फेब्रुवारी ते ८ मार्च.

बदललेल्या गोष्टी. भर घालायच्या आधी वाळू आणि तेसोंत्ले पत्र्यावर पसरून चार दिवस उन्हात. क्युरिंगला या खेपेला तीन आठवडे, पट्टा दिसणं पूर्ण थांबेपर्यंत. प्लॅस्टिक बाद. झाकण लावायचं, आणि पावसाचं लक्षण दिसलं की तिवईसकट तेहाबानखाली, म्हणजे मागच्या पत्र्याच्या पडवीत. खाली विटांवर दोन फळ्या, जमिनीची ओल चढू नये म्हणून. पाच दिवसांपेक्षा जास्त बंद राहिली तर पहिला जाळ पुन्हा मूठभर काड्यांचा, पाहुणे असोत नसोत.

ओकोते दोन.

९ मार्च.

हाकारांदा फुलले आहेत, अंगणात जांभळा सडा, रात्रीची थंडी गेली. आता महिनाभर फक्त कणसांपुरती पेटेल, मग पावसाळा संपेपर्यंत पडवीत.

जुनीचं काय करायचं हा प्रश्न घरमालकीणबाईंनी सोडवला. आज भाडं घ्यायला आल्या, तिला आडवी पाडून तिच्यात माती भरली, आणि फुटक्या तोंडातून निवडुंगाचं एक पान खोचलं. नोपाल. तिथूनच सरळ वर वाढेल म्हणाल्या. जाताना मसाल्याची उरलेली पिशवीही घेऊन गेल्या.